जुनी स्पोर्ट्‌स कार घेताय? आधी साल वाचायला शिका

गोव्यात पर्वरीला एका बंगल्याच्या पोर्चमध्ये लाल ऑडी टीटी उभी होती. मालक म्हणाले, "२०१२चं मॉडेल, सिंगल ओनर, रनिंग फक्त २९ हजार." आरसीवर नोंदणी जानेवारी २०१२ची. मी मनातल्या मनात गाडी घरी नेऊन उभीही केली होती. माझ्याबरोबर आलेला फोंड्याचा मेस्त (आमच्याकडे गॅरेजवाल्यालाही मेस्तच म्हणतात) गाडीभोवती फिरला नाही, बॉनेट उघडलं नाही. तो पुढच्या काचेपाशी वाकला, कोपऱ्यातून दिसणारा चॅसी नंबर डावीकडून बोटाने मोजत गेला आणि दहाव्या अक्षरावर थांबला. "बी. म्हणजे अकराची."

एका सालाने काय फरक पडतो, असं मीही विचारलं होतं. या गाडीत बराच पडतो. त्या काळच्या २ लिटर टर्बो इंजिनात टायमिंग चेन ताणून धरणारा जो टेन्शनर होता, तो दगा देतो म्हणून कुप्रसिद्ध आहे. कंपनीने तो २०१२च्या सुमारास बदलला. जुना टेन्शनर सुटला की चेन दात सोडते, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. मेस्ताचा हिशोब सरळ होता: तेराची असती तर बघायचं काम नव्हतं, बाराची असती तरी तपासावी लागली असती, अकराची आहे तर टेन्शनर बदलल्याचं बिल दाखवा. बिल नव्हतं. आम्ही चहा पिऊन निघालो.

तेव्हापासून ओळखीतला कोणी "जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आहे, कुठल्या सालची घेऊ?" असं विचारतो तेव्हा मी त्याला एकच उलटा प्रश्न विचारतो: कुठल्या गाडीची? काही गाड्यांत एका सालाला लाखभर रुपये जास्त दिले तरी चालतील. काहींत सालाला कवडीची किंमत नाही. हे ठरवायचं कसं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: तीन तारखा वेगळ्या करा

विकणारा "मॉडेल" म्हणतो तेव्हा तो बहुतेक नोंदणीचं साल सांगत असतो, कारण तेच सर्वांत नवं असतं. गाडीला तीन तारखा असतात. एक, ती कारखान्यात बनली तो महिना. तो आरसीवर छापलेला असतो. दुसरी, पासिंगची तारीख. तिसरं म्हणजे मॉडेल इयर, कंपनीच्या हिशोबातलं साल. ते बरेचदा अर्धं कॅलेंडर उलटलं की बदलतं. म्हणजे २०१०च्या ऑक्टोबरात बनलेली गाडी कंपनीच्या लेखी २०११ची असू शकते. परदेशातून तयार येणाऱ्या गाड्या जहाजात, बंदरात आणि मग शोरूमच्या काचेमागे महिनोन्‌महिने काढतात. दोन आसनांच्या गाडीला गिऱ्हाईक रोज येत नाही. त्यामुळे बनल्यापासून पासिंगपर्यंत वर्ष उलटलेलं असणं यात लबाडी असेलच असं नाही. पण भाव मात्र बनल्याच्या तारखेनेच करायचा.

चॅसी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. दहावं अक्षर सालाचं. २००९ला '९', २०१०ला ए, २०११ला बी, असं पुढे चालतं. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणून २०१७ला एच आणि २०१८ला थेट जे. २०२२ला एन, तर २०२३ला पी. पोर्शे, ऑडी, फोक्सवॅगन, स्कोडा आणि फोर्ड मस्टँग यांना हा नियम लागू पडतो. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या युरोपी बनावटीच्या गाड्यांत दहाव्या अक्षरावर विसंबू नका. तिथे पूर्ण चॅसी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमध्ये बनावटीची तारीख काढून घ्या.

मग गाडीलाच विचारा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तळाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख सापडते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३२१८ म्हणजे २०१८चा ३२वा आठवडा. दहा वर्षांच्या गाडीला "१८ हजार रनिंग" आहे आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले आहेत, तर मीटरबद्दल दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. उलट, टायर मूळचेच असतील तर रनिंग खरं असेल, पण मग ते टायर फेकायच्याच लायकीचे.

दुसरी पायरी: त्या गाडीचं वळणाचं साल शोधा

प्रत्येक मॉडेलच्या आयुष्यात एक-दोन अशी सालं येतात जिथे आतलं काहीतरी खरोखर बदलतं. दिवे, बंपर, स्टिअरिंगवरची बटणं हे फेसलिफ्टचे बदल. त्यांना फार किंमत देऊ नये. इंजिन, गिअरबॉक्स किंवा एखादा ठरलेला दुखरा भाग बदलला असेल ते वळणाचं साल.

याचं सर्वांत ठळक उदाहरण पोर्शे बॉक्स्टर. २००८पर्यंतच्या इंजिनात एक मधला शाफ्ट आणि त्याचं बेअरिंग असतं. जगभरच्या पोर्शेवाल्यांची झोप उडवणारं हेच ते आयएमएस बेअरिंग. सगळ्यांचंच तुटतं असं नाही, पण तुटलं तर इंजिनाचा भुगा. त्यातही २००६ ते २००८च्या गाड्यांत हे बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, मात्र बदलायचं तर इंजिनाचे दोन भाग करावे लागतात. २००९ मॉडेल इयरला नवं इंजिन आलं, त्यात हा शाफ्टच नाही. शिवाय जुन्या ऑटोमॅटिकच्या जागी पीडीके हा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आला. म्हणजे २००९ साली पासिंग झालेल्या दोन बॉक्स्टर शेजारी शेजारी उभ्या असतील आणि एकीच्या चॅसी नंबरात दहावा '८' असेल, दुसरीत '९', तर त्या दोन निराळ्या गाड्या आहेत. इथे सालासाठी पैसे मोजा, मन मोठं करून मोजा.

पुढचं वळण २०१२चं. नवी पिढी आली, आतून-बाहेरून सुधारली, स्टिअरिंग हायड्रॉलिकचं इलेक्ट्रिक झालं. २०१६पासूनच्या ७१८मध्ये सहा सिलिंडरांच्या जागी चार सिलिंडरांचं टर्बो इंजिन आलं. साधी ७१८ ३०० अश्वशक्तीची, तर आधीची साधी बॉक्स्टर २६५ची. कागदावर नवी सरस. पण डोक्यामागे बसलेल्या सहा सिलिंडरांचा आवाज ज्याला हवा आहे त्याने २०१६च्या आधीची शोधावी. माझं मत विचाराल तर मी जुन्या आवाजाच्या बाजूचा. हे मत आहे, सल्ला नव्हे.

मिनी कूपर एसची गोष्ट उलटी. इंटरनेटवर वाचाल तर २००६ ते २०१० दरम्यानच्या एन१४ इंजिनाच्या तक्रारींनी घाबरून जाल: चेनचा खडखडाट, हाय-प्रेशर फ्युएल पंप, व्हॉल्व्हवर साचणारी काजळी. त्यानंतर एन१८ हे सुधारित इंजिन आलं. मिनी आपल्याकडे अधिकृतपणे विकायला आली ती २०१२मध्ये, म्हणजे त्या वळणाच्या पुढेच. तेव्हा इथल्या शोरूममधून गेलेल्या मिनीबद्दल परदेशातली एन१४ची रडगाणी ऐकून भाव पाडायला जाऊ नका, विकणारा जाणकार असेल तर हसेल. चेनचा आवाज मात्र सकाळी थंड इंजिनावर ऐकाच.

फोर्ड मस्टँग तिसऱ्या तऱ्हेची. भारतात २०१६मध्ये आली ती ५ लिटर व्ही८, सहा गिअरची ऑटोमॅटिक. जगात २०१८ला दहा गिअरची सुधारित आवृत्ती निघाली, पण आपल्याकडे शोरूममध्ये विकली गेली ती सहा गिअरचीच. तेव्हा २०१६ची आणि २०१९ची मस्टँग यांत्रिकदृष्ट्या जुळ्या बहिणी आहेत. "एकोणीसची आहे" म्हणून कोणी पाच लाख जास्त मागितले तर ते पैसे टायर, ब्रेक आणि विम्याला ठेवा. इथे फक्त अवस्था बघायची.

बीएमडब्ल्यू झेड४चं २००९ ते २०१६चं मॉडेल बरंचसं मस्टँगसारखंच. तिच्या ३५आय आवृत्तीत शेवटपर्यंत तेच ट्विन टर्बो इंजिन राहिलं, २०१३चा फेसलिफ्ट म्हणजे दिवे-बिवे. फ्युएल पंप, इंजेक्टर आणि इलेक्ट्रिक वॉटर पंप बदलल्याची बिलं असलेली दहाची गाडी ही बिलं नसलेल्या चौदाच्या गाडीपेक्षा चांगली. नवी पिढी २०१९ची, तिचं छप्पर पत्र्याचं नाही, कापडी आहे. गोव्यात याला अर्थ आहे, त्याकडे येतोच.

थोडक्या पैशांत मजा हवी असेल तर फोक्सवॅगन पोलो जीटीआय (२०१६, १.८ टर्बो) किंवा स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. ऑक्टाव्हियात २०१७-१८ची २३० अश्वशक्तीची आणि २०२०ची २४५ची असे दोन गट. दोन्हींचे क्लच तेलात बुडालेले, म्हणजे आपल्या उन्हाळी ट्रॅफिकला त्यातल्या त्यात सोसणारे. पोलोचा गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे, पणजीच्या कॅसिनोंपुढच्या रांगेत शनिवारी संध्याकाळी अर्धा तास घालवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

कधीकधी साल कळूनही भागत नाही. मर्सिडीज एसएलके ३५०च्या २००४नंतरच्या सुरुवातीच्या व्ही६ इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं दातेरी चाक झिजतं. कुठली इंजिनं त्यात येतात हे इंजिन नंबरवरून ठरतं, पासिंगच्या सालावरून नाही. त्यामुळे फोनवर विकणाऱ्याकडून चॅसी आणि इंजिन असे दोन्ही नंबर मागून घ्या. द्यायला कां-कूं करत असेल तर पेट्रोल जाळून तिथवर जाऊच नका.

तिसरी पायरी: गोव्याचं पाणी

वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि दारात समुद्र. आमच्याकडे सायकलची घंटासुद्धा दोन पावसाळ्यांत गंजते. तेव्हा गाडी कुठल्या सालची याइतकाच "ती इतकी सालं कुठे राहिली" हा प्रश्न महत्त्वाचा. कळंगुटला किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभी राहिलेली २०१७ची आणि बेंगळूरूच्या तळघरात राहिलेली २०१४ची यांत मी डोळे मिटून चौदाची घेईन.

काय बघायचं? लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा नाही. सस्पेन्शनचे बोल्ट, सबफ्रेम, सायलेन्सरचे जोड, ब्रेकचे पाइप. डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, एक रात्र पाऊस पडला की तो येतोच आणि चार ब्रेकांत जातो. खाचा पडल्या असतील तर मात्र खर्च. मस्टँगचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, त्याच्या पुढच्या कडेला रंगाखाली फोड येतात. बोट फिरवून पाहा, डोळ्यांना चुकतं पण बोटाला कळतं. बॉक्स्टर आणि केमन (तिचंच बंद छपराचं रूप) यांचे रेडिएटर व एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या तोंडाशी बसवलेले असतात. त्या तोंडातून पानं आत जातात, कुजतात, त्यात खारी हवा मिसळते आणि कंडेन्सर गळू लागतो. टॉर्च मारून आत बघा. आत आंब्याच्या पानांचं खत तयार झालेलं मी पाहिलं आहे.

उघड्या छपराच्या गाडीला पाणी जायला नळ्या असतात. पानांनी त्या तुंबल्या की पाणी आत. २००३ ते २००८च्या झेड४मध्ये छपराची मोटर नेमकी अशा जागी आहे की नळी तुंबली की ती बुडतेच. कापडी छप्पर असेल तर शिवणीवर काळी बुरशी आणि आत ओल्या गोणपाटाचा वास आहे का ते बघा. पत्र्याचं घडीचं असेल तर ते पाच वेळा उघडा-मिटा. तिसऱ्या वेळी अडखळलं तर तेलाचे पाइप किंवा सेन्सर. गालिच्याखाली हात घाला. हाताला ओल लागली तर परफ्यूम कितीही मारलेला असो, पाणी आत येतं आहे.

म्हणूनच माझा आग्रह: गाडी पाहायला जून ते सप्टेंबरात जा. भाव तेव्हाच थोडे नरम असतात, आणि गाडीचं जे काही लपलेलं असतं ते पाऊस बोलून दाखवतो. डिसेंबरात, सीझनला, प्रत्येक कन्व्हर्टिबल सुंदरच दिसते.

डिसेंबरवरून आठवलं. इथे खाजगी पासिंगच्या काही उघड्या गाड्या गुपचूप पर्यटकांना भाड्याने फिरलेल्या असतात. भाड्याच्या अधिकृत गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. चोरून चालवलेलीला अर्थातच नसतात. चाकांच्या रिमच्या कडा चारही बाजूंनी घासलेल्या, सीटखाली वाळू, पॅसेंजर बाजूच्या सीटची कड ड्रायव्हरइतकीच झिजलेली: अशी गाडी कुठल्याही सालची असो, सोडून द्या.

पेट्रोलचाही विचार करा. २०२३पासूनच्या गाड्या ई२० (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) इंधनासाठी बनवलेल्या. त्याआधीच्यांच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये किती इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या जुन्या गाडीला ते मानवत नाही. निदान पंधरवड्याने एकदा अर्धा तास तरी फिरवावीच लागते.

चौथी पायरी: कागदांचं वय

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि आयात केलेल्या चारचाकीला पहिल्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२पासून ४०,००० रुपये आहे. २०११ची स्वस्त टीटी घेताना हा आकडा आणि त्यासोबतचा हरित कर किमतीत धरा. १३-१४ वर्षांच्या गाडीचा भाव एकदम घसरलेला दिसतो त्याचं अर्धं कारण हेच. दिल्लीच्या गाड्या स्वस्त असतात, तिथे पेट्रोल गाडीला १५ वर्षांच्या मर्यादेची टांगती तलवार असते म्हणून. कोरड्या हवेमुळे त्यांचा पत्रा चांगला असतो, हे खरं. पण एनओसी मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

दुसऱ्या राज्यातून आणत असाल तर फॉर्म २८ची एनओसी, मालकी बदलासाठी २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी इथेच ठेवणार असाल तर १२ महिन्यांत गोव्याचा नंबर घ्यावा लागतो, आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. किती ते आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा, कारण महागड्या गाडीला तो आकडा सौद्याचं गणित उलटवू शकतो. चलनं थकलेली आहेत का, विमा चालू आहे का, हे एमपरिवहन ॲपवर दोन मिनिटांत दिसतं. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा असतो.

विम्याच्या बाबतीत सालाचा एक खरा फायदा आहे. पाच-सात वर्षांपुढच्या गाडीला झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारा विमा) मिळणं अवघड होत जातं, आणि मस्टँगचा पुढचा एक दिवा फुटला तरी झिरो डेप म्हणजे काय ते कळतं.

पाचवी पायरी: चालवून बघा, पण आपल्या रस्त्यावर

पणजीच्या अटल सेतूवर गाडी पळवून काही कळत नाही. तिथे माझी जुनी स्विफ्टही छान पळते. इंजिन थंड असतानाच पोहोचा. मालकाने "तुमच्यासाठी गरम करून ठेवली" म्हटलं तर बॉनेटवर हात ठेवा, हसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं ठरवा. चेन, टेन्शनर, इंजेक्टर यांची खरी भाषा पहिल्या दहा सेकंदांत ऐकू येते.

मग फर्मागुढीच्या किंवा बांबोळीच्या चढावर हळू, दुसऱ्या गिअरात. ड्युअल क्लच असेल तर चढावर थांबवून पुन्हा उचला, तीन-चार वेळा. थरथर आली तर क्लच. ओल्या क्लचच्या ऑडीचं गिअर ऑइल ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं, बिल मागा. यानंतर ज्या वाड्यात (वस्तीत) तुम्ही राहता तिथे गाडी न्या. तुमच्या दारापुढचा हंप ती पोट न घासता ओलांडते का, दोन माणसं आत बसवून बघा. आमच्या शेजारच्या एका हौशी भाटकाराने (जमीनदाराने) हे केलं नाही, आता त्याची गाडी मुख्य रस्त्यावर भाच्याच्या शेडमध्ये असते आणि तो स्कूटरवरून तिला भेटायला जातो.

शेवटी स्कॅनर, गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा. कंपनीचा किंवा त्या ब्रँडचं काम करणाऱ्या गॅरेजचा. बाजारातल्या हजार रुपयांच्या डबीवर भागत नाही. नुकतेच सगळे कोड पुसलेले दिसले तर का पुसले ते विचारा. काही मॉड्यूलमध्ये वेगळे किलोमीटर साठवलेले असतात, ते मीटरशी जुळतात का बघा.

पर्वरीची ती लाल टीटी तीन महिन्यांनी कोणीतरी घेतली. मी पुण्याहून राखाडी रंगाची आणली, दहावं अक्षर डी, नोंदणी २०१४ची आणि भाव तेराचा. रनिंग ५८ हजार होतं, त्या लाल गाडीच्या दुप्पट. मेस्ताने इंजिनावरच्या छोट्या झाकणातून टेन्शनर बघितला, नवाच निघाला. तरी लिफ्टवर आणखी अर्धा तास त्याने काढला आणि खाली येऊन फक्त एवढंच म्हणाला, "मागचे दोन बुश बदल, आणि चवथीच्या आत छपराखालची जागा कर."